उसवलेला आकडा

वागळे इस्टेटीत चौतीस वर्षं मी ड्रॉइंग्ज काढली,
फ्लँजची, व्हॉल्वची, एकदा बॉयलरच्या दाराची.
फुलीचा टाका मला कुणी शिकवला नाही.
ग्राफपेपर येत होता, तेवढं पुरलं.

चरईतल्या एझ्रा झिराडकरांनी
वर्तमानपत्रात गुंडाळून कापड आणलं:
मांजरपाट, वीतभर रुंद, हातभर लांब,
कडेला मोर, मधे मुळाक्षरं,
आणि तळाशी
मिल्का बिनयामिन झिराडकर, मुलींची शाळा, ठाणें, शके १८१३.
"आजोबांची आत्या," ते म्हणाले.
"आम्ही चार भावंडं, दोघं तिकडे अश्दोदला.
कापड एकच. तीन करून द्या.
हुबेहूब."

मोर पुढून चहाच्या रंगाचा,
मागून अजून डाळिंबी.
कुठला हुबेहूब, हे विचारायचं राहिलं.
राममारुती रोडवर दोन्ही लड्या घेतल्या.

देवनागरी चौकोनात राहायला तयार नसते.
क पोट काढतो, ळ दोन्हीकडून सांडतो;
पोरीने ळचे सरळ दोन डबे केलेत
आणि मुळाक्षरांत झ विसरलीय, आडनावातला असून.
मीही विसरलो. तीन वेळा, मोजून.

अडलो ते "वय वर्षें"पाशी.
पुढे काही नाही.
भिंगाखाली भोकं दिसली,
एकाशेजारी एक, दोन सारखे आकडे: ११.
कुणीतरी उसवलेत,
घाई न करता, एकही धागा न दुखवता.
सगळे करतील तोच तर्क मीही केला:
स्थळ आलं असेल, आईने वय झाकलं.

पण कोरी जागा सोडली
तर ती कोरीच राहते, उसवलेली होत नाही.
म्हणून आधी अकरा भरले,
मग उसवले.
कापड धुतलं, न पिळता टॉवेलवर पसरलं.
सकाळी भोकं मिटलेली.
मांजरपाटाचा चेहरा असा, की इथे काही घडलंच नाही.
पुन्हा भरले, पुन्हा उसवले,
पुन्हा मिटली.

तेव्हा मूळ कापड उजेडात नेलं.
त्या भोकांभोवती
दोन आकड्यांएवढी जागा बाकीच्याहून गोरी.
म्हणजे भिंतीवर होतं हे, उन्हात,
अकरासकट,
वीस वर्षं म्हणा, तीस म्हणा.
आई नव्हे.
चाळिशी उलटलेली कुणी
स्टुलावर चढली, चौकट उतरवली,
काचेवरची धूळ पदराने पुसली आधी, मला वाटतं,
मग कात्रीचं टोक.
नाव ठेवलं. शाळा ठेवली. शकसुद्धा ठेवला.
एक आकडा काढला
की वजाबाकी होत नाही,
एवढं गणित तिला त्याच शाळेत शिकवलं असणार.

परवा तिन्ही कापडं चौकटीत बसवली,
अकरासकट,
आणि हॉलमध्ये टांगली पश्चिमेच्या खिडकीसमोर.
येऊरच्या डोंगरामागे जाईपर्यंत
ऊन थेट त्यांच्यावर.

एझ्रांचा फोन आला, झालं का?
म्हटलं, उसवायचं तेवढं राहिलंय.
मग संध्याकाळी येऊ न्यायला?

मी एकोणसत्तरचा.
पेन्सिल घेऊन बेरीज करून पाहिली.

म्हटलं, या.
चहाला या.