रुवीतला नवा डाव

नऊ वर्षं दर गुरुवारी आम्ही तोच ड्रॅगन मारला,
हेरंबच्या फ्लॅटवर, एसीच्या घरघरीत,
नकाशावर करकचे कागदी कप ठेवून.
माझा मांत्रिक सतराव्या पायरीला पोचला होता,
मरेनासाच झाला होता.
वीस बाजूंचा फासा थांबायच्या आत
बिजू आकडा सांगायचा. तोच पडायचा.
शेवटी शेवटी ड्रॅगनही
मस्टरवर सही केल्यासारखा यायचा
आणि मरून घरी जायचा.

मग शर्मीननं एक पातळ पुस्तिका आणली,
पिना गंजलेल्या.
तलवार नाही, खजिना नाही.
एका बेटावरचं पोस्ट, आम्ही तिथले कारकून,
पत्ते पुसलेली पत्रं,
आणि ल्युडोतला साधा फासा.
सहा पडले तर पत्र पोचतं.
एक पडला तर फोडायचं,
आणि आत काय आहे ते मोठ्यानं वाचायचं.

"पण यात जिंकायचं काय?" हेरंबनं विचारलं.
शर्मीन पान उलटत राहिली.

पहिला डाव माझा. एक.
सात राज्यं जाळलेला मी
कोरा कागद धरून बसलो.
खाली कुणी पिकअप मागे घेत होतं, पीं पीं पीं.
"प्रिय रेशन दुकानदार," मी वाचलं.
सगळे हसले, मीही.
"आमचं कार्ड अजून चालू आहे का?
त्यावर माझं नाव आहे, की कमी केलंत?"

बिजूचा नंबर होता.
त्यानं फासा बराच वेळ मुठीतच ठेवला.

ड्रॅगनच्या गुहेवर त्या रात्री
आम्ही सुरमईचे काटे काढून ठेवले.