विनंती थांबा

जांबोटीच्या वाटेवर एका खांबाला पत्रा ठोकलाय.
वरची ओळ कन्नड. खाली खडूनं
कुणीतरी लिहितं: विनंती थांबा.
पुसलं जातं. पुन्हा कुणीतरी लिहितं.

तुळसा घाडी दोन दिवस वर्गात नव्हती.
तिसऱ्या दिवशी आली, ओढणीला पेंडीचा वास.
"पारडू उभंच राहीना की, मॅडम.
दूध ओढतंय, शेपूट हलवतंय,
मागचे पाय तेवढे कुणी काढून नेल्यागत."
हुक्केरी डॉक्टरीणबाईंनी सुई दिली होती.
चिठ्ठी कन्नडात, औषधवाल्यानं वाचून सांगितली:
सेलेनियम.
"ते काय असतंय?"

खानापूरच्या आमच्या वर्गात तक्ता जुना,
वीस अमिनो आम्लं, चार रांगा, पाच-पाच घरं,
जागा उरलेली नाही.
खाली समासात मीच कधीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं
एकविसावं: सेलेनोसिस्टीन.
परीक्षेला येत नाही, म्हणून तिकडं कुणी बघत नाही.

फळ्यावर गंधक काढलं. त्याच्या खालच्या घरात
त्याचा चुलतभाऊ. सिस्टीनमधून गंधक उठवून
ह्याला बसवलं की रेणू जवळपास तोच,
हात तेवढा सैल. चटकन देतो,
चटकन परत घेतो.
श्वास घेतला की आत थोडं जळतंच.
पेरॉक्साइड साठतं, जखमेवर ओतल्यावर फसफसतं तेच,
आणि स्नायू आतून पांढुरके पडत जातात.
एका विकराच्या कुशीत हा एकच अणू बसलेला असतो,
तो त्या पेरॉक्साइडचं पाणी करतो.
नुसतं पाणी.

पण ह्याला स्वतःची अक्षरं नाहीत.
यू, जी, ए.
हीच तीन अक्षरं वाचून एरवी यंत्र काम सोडतं:
संपलं, उतरा.
"म्हणजे थांबायचं की नाही?" तुळसानं विचारलं.

मी म्हटलं, थांब म्हणजे थांब.
पण थांबा? तिथं कुणी चढतंही.
मागच्या बाकावरनं बसलिंगव्वा हळूच म्हणाली,
"आमच्यातबी तसंच. निल्लु, आणि निल्दाण."
वर्ग हसला. मी नाही हसले,
खडू हातात तसाच राहिला.

पुढं, खूप पुढं, निरोपाच्या शेपटाला,
जिथं प्रथिनाचं एक अक्षरही लिहिलेलं नाही,
तिथं धाग्याला मुरड असते, केसांतल्या आकड्याएवढी.
तिनं हात केला
तर मागचं "थांब" वाचलं जातं: "या."
तिनं हात केला नाही, किंवा थांब्यावर कुणी आलंच नाही,
मातीतच नव्हतं, चाऱ्यात कुठून येणार,
तर साखळी अर्ध्यावर तुटते.
अर्धं विकर कुणाच्या कामाचं?

आणि जो चढतो, तोही सेरीन म्हणून चढतो.
गाडीतच बदलतो, वाहकाच्या खांद्यावर बसल्या-बसल्या.
माझी आई निपाणीहून हुबळीला लग्न होऊन निघाली,
धारवाड येईस्तोवर
ओंदु, एरडु, मूरु मोजत होती
शेजारच्या बाईच्या बांगड्यांवर.
हे वर्गात सांगितलं नाही.

सांगितलं एवढंच, की लागतं चिमटीच्याही चिमटीएवढं.
जास्त झालं तर खूर गळून पडतात.
"मग दुसरी सुई मागू नको म्हणू का आज्ज्याला?"
डॉक्टरीणबाईंना विचार, मी म्हटलं.
मला मोलाचं वजन कळतं, पारडाचं कळत नाही.

संध्याकाळच्या लाल गाडीत खिडकीशी बसले.
पत्र्यावर खडू नव्हता.
एक म्हातारा हात करून उभा होता, पायाशी पेंडीचं पोतं;
चालकानं शिवी हासडली, कोणत्या भाषेत ते आठवत नाही,
आणि ब्रेक दाबला.

रात्री तुळसाचा निरोप:
उठलं. चार पावलं टाकली. पडलं.
मग बराच वेळानं आणखी एक:
परत उठायला बघतंय.