लांबी

हिरामण पेंटर सोमवारी येणार.
"बारीक भोकं तुम्हीच बुजवून ठेवा ताई,
माझा अर्धा दिवस वाचेल, तुमचे चारशे."

म्हणून आज, सिडकोतल्या या दीड खोलीत
स्टुलावर मी, हातात पत्रा,
ताटलीत कालवलेली लांबी,
श्रीखंडाइतकी घट्ट.

खिळ्यांची भोकं सोपी.
बोटाने दाबायचं, पत्र्याने ओढायचं, पुढचं.
कॅलेंडरचं. घड्याळाचं.
हे कशाचं, आठवत नाही.

टीव्हीमागचं मात्र बोटभर खोल.
सातपूरहून, कंपनीतलं ड्रिल उसनं आणलंस,
तीनदा चुकलास,
मग द्राक्षाच्या पेटीतला कागद
चुरगाळून कोंबलास आत.
"तात्पुरतं," म्हणालास.

आधी भोक मोठं करायचं, हिरामणने सांगितलंय.
सुटं असेल ते सगळं पाडायचं,
पाणी मारायचं. नाहीतर कोरडी भिंत
लांबीतलं पाणी ओढते
आणि महिन्याभरात भेग.

कोरते आहे. कागद निघाला, जांभळा,
त्यावर अर्धा घड अजून शाबूत.
या घरात तो राहिला
तुझ्यापेक्षा सहा वर्षं जास्त.

पाणी मारलं.
भिंतीने लगेच पिऊन टाकलं.
उतरते,
अजून एक फुलपात्र आणते.