नग एकवीस

लक्ष्मीपुरीत, भंगाराच्या वखारीत
इलाही मुल्लाणीनं पोतं उलटं केलं.
वर्गसंच तीसचा असावा, निघाले एकवीस.
काळं कवच, गोळीएवढी पिवळी बटणं,
पाठीवर कर्कटकानं कोरलेलं
९ ब, आणि हजेरीचा आकडा.

"किलोवर घ्या की," म्हणाला.
सव्वातीन किलोचा हिशेब
त्यानं तोंडीच केला, डोळे मिटून,
आणि एकवीस कॅल्क्युलेटर
माझ्या पिशवीत भरून दिले.

उत्तरेश्वर पेठेत रात्री
सेलच्या कप्प्यातला क्षार
लिंबाच्या फोडीनं खरवडत बसतो.
नऊ जिवंत झाले.
भिंगाखाली तांबडे आकडे,
मुंगीच्या डोळ्यांएवढे.

"मोबाईलात नाही व्हय हे?" ही विचारते.
आहे की.

मला वाटलेलं, बरोबरचं बटण झिजलं असेल.
नाही. झिजलंय ते पुसायचं.
नवाच्या नवांवर
सी हे अक्षर बोटांनी पार खाल्लंय.
कुठल्या पोरानं काय पुसलं
ते यंत्राला आठवत नाही, सेल गेला की सगळं शून्य.

सतरा नंबर मी वेगळा ठेवलाय.
आमच्या शाळेत असलं काही नव्हतं,
मगदूम सर होते आणि पाऊणकी.
हजेरी सतरा, उभा राहा.
सात पाऊणे...
तिथंच माझी जीभ टाळ्याला चिकटायची,
अख्खा वर्ग खिडकीबाहेर बघायचा.

या सतराव्याचं सातचं बटण
दबतच नाही. उघडून पाहिलं, डाग दिला, नाही.
दुधाचा हिशेब त्याच्यावरच करतो.
सात लागला
की आठातून एक काढतो.