बॅटरी संपली तिथे

एकतीस डिसेंबर, फुजैरा, टायपिंग सेंटर.
शेवटचं गिऱ्हाईक शेरजमान, ट्रकवाला,
मुलाच्या व्हिसाचा अर्ज घेऊन.
हेतूच्या रकान्यात काय लिहू, विचारलं,
तर म्हणाला, लिख दो, मुँह देखना है.
मी लिहिलं: कौटुंबिक भेट.

नऊ वर्षं लोकांचे हेतू टाइप करतेय मी.
अरबी अजून धड वाचता येत नाही,
पण रकाना कुठे संपतो ते बोटांना कळतं.

शटर अर्धं ओढलं.
ट्रेमध्ये एक कोरा फॉर्म उरला होता.
म्हटलं, आज आपला भरू.

सरलं वर्ष, तपशील:
फेब्रुवारीत जयवंतच्या कंपनीने आधी क्रेन विकल्या,
मग माणसं कमी केली.
जूनच्या विसाला तो गेला,
सात वर्षं तीस किलोंत बसवून. मिक्सर राहिला.
विमानतळावर म्हणाला, सहाच म्हयने गो.
आज सहा महिने आणि अकरा दिवस.
ऑगस्टात भाड्याचा चेक परत आला.
आता प्लायवूडच्या पलीकडे मर्लिन झोपते,
तिचा खोकला मला पाठ आहे,
माझं रडणं तिला.
ऑक्टोबरात आई पडली. खुबा.
व्हिडिओवर म्हणाली, काही नाही, जरा घसरले,
आणि मागे भिंतीवर वॉकरची सावली.

रकाना भरला.
बँकेतला पोरगा दीदी म्हणायचा,
चेक परत आल्यापासून मॅडम म्हणतो,
हे कुठल्या ओळीत लिहायचं?

आवडती करमणूक.
फॉर्मवर हा रकाना नसतो, मी पेनने आखला.

आमच्या जत्रेतलं दशावतारी नाटक,
दिराने मोबाइलवर धरून पाठवलेलं,
एक तास बावन्न मिनिटं, नुसता आवाज.
फोन खिशात होता,
म्हणून आधी शर्टाची खसखस, मग पेटी, मग झांज.
खाजेवाला ओरडतो.
कोणाचं तरी पोर रडतं, राजा भाषण थांबवतो,
गे बाय, त्या पोराक आधी दूध दी,
मगे मी लढाईक जातंय.
लोक हसतात. मी हसते, इतक्यांदा ऐकून.
पलीकडून मर्लिन हसते, काही न कळता.
मग राक्षस येतो. पाय आपटतो,
फळी वाजते, बायका गप्प होतात,
राजा म्हणतो, थांब,
आणि तिथेच
बॅटरी संपली.

दीर म्हणतो, वहिनी, मेला ना,
दरवर्षी मरतो तसाच मेला.
त्याचं काय जातं म्हणायला.
माझ्याकडे तो जिवंत आहे.
पूर्वी शुक्रवारी यायचा, आता रविवारी येतो,
सरकारने सुट्टी बदलली
तर त्यानेही बदलून घेतली.

पुढचं वर्ष, हेतू:
लायसन्स. पार्किंगमध्ये दोनदा नापास,
तिसऱ्यांदा आरशात बघेन, माणसाकडे नाही.
बँकेचे उरलेले चार हजार दोनशे.
एक खिडकी. समुद्र नको, रस्ता चालेल.
आईला चालताना बघायचं, वॉकर दिसला तरी चालेल.
जयवंतला विचारायचं की
हे खोडलं.
आणि जत्रा. गोणपाटावर बसायचं, थंडीत, शाल घेऊन,
पहाट होऊ दे, पाय बधिर होऊ देत,
तो मरेपर्यंत उठायचं नाही.

शेरजमान परत आला, मुलाचा फोटो विसरला होता.
काउंटरवरचा कागद बघून म्हणाला,
आपका भी अर्ज़ी? कहाँ जाना है?
मी म्हटलं, अभी टाइप नहीं हुआ.

बाहेर कॉर्निशवर दारूकाम सुरू झालं.
दूर नांगर टाकून थांबलेल्या टँकरांवर
दिवे तसेच, कुणालाच घाई नाही.

फॉर्मच्या तळाला सहीची जागा.
दुसऱ्यांच्या कागदावर मी तिथे पेन्सिलने फुली करते,
इथे सही करा म्हणून.
माझ्याही केली.
फुलीच.
पेन शेरजमान घेऊन गेला होता.