पाटो, चौथा मजला

सातला एसी बंद झाला.
मी अजून नियम लावतोय :
विभाग, वर्ष, कुणाला काय दिसावं.

'साखळी' शोधलं. शून्य.
'सांकेली', तीन.
'सांक्वेलिम', चारशे बारा.
एकाच गावाच्या तिन्ही नावांची
गाठ मारून दिली, चहा घेतला.

मग चाचणी म्हणून
फिलोमेना रिबेलोबाईंच्या नावानं आत शिरलो.
एकतीस वर्षं नोकरी;
खाणीचे जुने करार त्यांनीच टंकलेले,
पोर्तुगीज आडनावांवरची नागमोडी रेघसुद्धा
पेनानं, हातानं.

त्यांना दिसलं :
कँटीनचे दर. सुट्ट्यांची यादी.
खाली करड्या अक्षरांत
'आणखी काही नाही.'

नियम बरोबर होता. दोनदा पाहिला.
'जतन करा' दाबलं.

सकाळी जिन्यात विचारतील,
"बाब, जालें मरे तुजें काम?"
"जालें," म्हणेन,
आणि त्यांची डब्याची पिशवी
उगाच वरपर्यंत नेईन.