पंधरावर चार

खालच्या गावातून टपाल घेऊन वर निघालं
की शेवटचा दिवा लाकडाच्या वखारीपाशी.
पुढे रस्ता एका गाडीपुरता,
मधोमध गवताची शेंडी,
दोन्हीकडे चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचे बांध.
समोरून कुणी आलंच
तर मागे कुणी सरायचं
ते मागच्या वेळी कोण सरलं होतं त्यावरून ठरतं.
इथे हे सगळ्यांच्या लक्षात असतं.

पांत-अ-व्रान. कावळ्याचा खळगा.
माणसं एकोणीस, माझ्यासकट.
आमच्या जुन्या मोजणीत एकोणीस म्हणजे
पंधरावर चार.
शाळेत नवी मोजणी शिकवली, सरळ, एक-दहा-नऊ.
ती शाळा आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांची,
वर्गात त्यांची होडी असते.
मेंढ्या आणि माणसं
अजून जुन्याच हिशेबात बसतात.

इडवल म्हणायचा,
पंधरा म्हणजे ज्यांचं टपाल तू पेटीत टाकतेस,
आणि चार म्हणजे ज्यांच्या दारात
गाडी बंद करून उतरतेस.
तो चारांतला.
त्याच्या घराचं नाव हाव्होद, उन्हाळी वस्ती.
उन्हाळी वस्तीत त्याने
एकाहत्तर हिवाळे काढले.

वर डोंगरावर कुंपण नाही.
हद्द मेंढीला आईकडून कळते:
या ओहोळापर्यंत आपलं,
त्या काळ्या खडकापलीकडे मेरिगचं.
कुणी शिकवत नाही.
कोकरू आईमागे चरत जातं
आणि आई जिथे वळते तिथे वळतं.

फेब्रुवारीत एका बुधवारी
पेटीत मंगळवारचा बाजारभावाचा कागद तसाच.
पेरो भुंकला नाही.
चालत आला
आणि गाडीच्या चाकाला नाक लावून उभा राहिला.

चॅपेलचं कुलूप उघडायला तेल घालावं लागलं.
नेस्टाने हातमोजे न काढता हार्मोनियम वाजवला.
आम्ही उभे राहून चार सुरांत गायलो,
म्हणजे तीनच,
कारण खर्ज लावणारा तोच होता.
कडव्याला तळ नव्हता.
मेरिगने एकदा खाली उतरून पाहिलं,
खोकला, आणि परत वर आला.

आता अठरा.
जुन्या मोजणीत अठरा म्हणजे दोन नऊ.
मी मुद्दाम मोजलं नाही,
पण चिखलातून फेरी करताना ध्यानात आलं:
ओढ्याच्या अलीकडे नऊ, पलीकडे नऊ,
मधे पूल,
आणि पुलाचा एक कठडा दोन वर्षांपासून
परिषदेच्या यादीत.

कार्डिफहून पुतण्या आला. भला माणूस,
बूट मात्र चुकीचे.
डोंगर झाडं लावणाऱ्या कंपनीला जायचा होता.
त्याने विचारलं, मेंढ्या वेगळ्या विकता येतील ना?
मेरिग वर्षाकाठी चार वाक्यं बोलतो,
त्यातलं एक त्याने तिथे खर्च केलं:
येतील की. पण त्यांना सांगणार कोण?

एप्रिलमध्ये मेंढ्या धारेपलीकडे गेल्या, ट्रकमधून.
मे संपता संपता अकरा परत आल्या,
कोकरांसकट.
रोपांच्या प्लास्टिकच्या नळ्यांमधून चरत
काळ्या खडकापाशी आल्या
आणि वळल्या.

पेरो नेस्टाकडे असतो, म्हणजे पलीकडे.
निदान वाटी तिथे आहे.
दुपारी तो पुलाच्या मधोमध पडलेला असतो,
हॉर्न वाजवला तरी उठत नाही.
मी उतरते,
त्याला दोन्ही हातांनी बाजूला सारते,
तो माझ्या मागून पुन्हा तिथेच.

इडवलच्या नावाने अजून पत्रं येतात,
कानाच्या यंत्राची कंपनी फार चिकाटीची.
नियमाने परत पाठवायला हवीत.
मी हाव्होदपर्यंत नेते,
गाडी बंद करते,
थोडा वेळ वारा ऐकते,
आणि ती पुढच्या खणात ठेवते,
टॉर्च आणि पुदिन्याच्या गोळ्यांबरोबर.
अजून जागा आहे.